हातचा राखून

माझ्या बापाच्या एकशे त्रेसष्ट लढती.
जिंकला अकरा, बरोबरीत सुटल्या चार.
उरल्या किती, हे गणित मी
गाडीच्या मागच्या सीटवर शिकले,
मांडीवर वही, पायाशी चहाचा थर्मास.

आठवडाभर ग्रिम्सबीच्या गोदीवर कॉड सोलायचा.
शनिवारी दुपारी हातांना लिंबू चोळायचा,
तरी ग्लोव्हजना वास यायचाच.
"आज कोण?" आई विचारायची.
"तिथलंच एक पोरगं. चारशे तिकिटं खपवलीत त्यानं."
मग आई पुढचं विचारायची नाही,
फक्त बर्फाची पिशवी भरायची.

तो मुद्दाम हरत नसे. हे आधी नीट ऐकून घ्या.
कुणी त्याला पैसे चारले नव्हते.
त्याला फक्त एवढं ठाऊक होतं
की आडवा झालास तर डॉक्टर अठ्ठावीस दिवस घरी बसवतो
आणि अठ्ठावीस दिवसांत चार शनिवार येतात.
म्हणून हनुवटी खांद्याआड,
कोपरं बरगड्यांना शिवून टाकल्यासारखी.
सहा राउंड तो पावसात छत्री धरावी तसा उभा राहायचा.
मधूनच पोराला कवेत घ्यायचा,
लोक ओरडायचे, रेफरी सोडवायचा,
तेवढ्यात त्याच्या कानात बोलून व्हायचं:
"डावा हात खाली येतोय तुझा. वर ठेव, बाळा.
पुढचा भेटेल तो माझ्यासारखा मायाळू नसेल."

साठ विरुद्ध साडेसत्तावन्न.
पोराचा हात वर. बापाचा हात खिशात,
पाकिटातल्या नोटा न बघता मोजत.

एकदाच, संडरलँडला.
सोनेरी चड्डीवर आडनाव शिवलेला कुणी मॉफॅट.
चौथ्या राउंडला बापाचा डावा हुक
त्याच्या यकृताखाली गेला, आणि पोरगं
बस चुकल्यासारखं खाली बसलं.
एवढ्या मोठ्या हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
बाप स्वतःच्या मुठीकडे बघत होता,
दुसऱ्याचा कोट घालून घरी आल्यासारखा.

का मारला, ते त्यानं कधी सांगितलं नाही.
आई म्हणायची, पोरगं माशांच्या वासावर काही बोललं असेल.
मला वाटतं, तो नुसता बघत होता,
इतकी वर्षं राखलेला हातचा
अजून जागेवर आहे का.

नऊ आठवडे फोन वाजला नाही.
दहाव्या आठवड्यात आयोजक म्हणाला, "डेरेक, पुन्हा असं नको."
"लागला चुकून," बाप म्हणाला,
आणि कधी नव्हे ते खोटं बोलला.

गेल्या हिवाळ्यात आमचा बॉयलर बिघडला.
दुरुस्तीला आलेला माणूस, टक्कल, थोडं पोट,
नळीखालून बाहेर आला आणि बापाकडे बघतच राहिला.
"मिस्टर स्टॅनिलँड? डॉनकास्टर. मी गुणांवर जिंकलो होतो.
तुम्ही मला हात वर ठेवायला सांगितलं होतं."
बापाला आठवेना. डॉनकास्टरला तर तो कितीदा हरलेला.
पण उठला, टेबलाचा आधार घेत,
आणि त्याला उभं राहायला लावलं.
दोन बोटांनी त्याचा डावा हात
गालापर्यंत उचलला.
"अजून खाली येतो," म्हणाला.

त्या माणसानं बिलात मजुरी लावली नाही.
बापानं ती लावायला लावली.