दोनशे टोप्या

नाईफच्या मागच्या गल्लीत, कार्गोच्या दुकानात
मी वजनकाट्यावर बसतो.
लेगॉस : बोटीनं पंचेचाळीस दिवस, विमानानं आठ,
"आणि देवाच्या मनात असेल तर," हे न्कोयो
प्रत्येक पावतीला तोंडी जोडते.

ती जुने मोबाइल घेते, काचा बदलते,
तान्ह्या पोरांसारखे गुंडाळते
आणि दोनशे ग्रॅमवरून माझा जीव खाते.
तेर्सू रात्रभर टॅक्सी पुसतो, सकाळी इथल्या खोक्यांवर झोपतो.
ओसारेतिन केस कापतो, परवाना दुसऱ्याच्या नावावर.
असे अकरा जण. महिन्याला पाचशे दिरहम.
ते एसुसू म्हणतात.
मी म्हटलं, अरे, ही तर भिशी!
तेव्हापासून तेही बिशीच म्हणतात.
'भ' त्यांना जमत नाही.

रमजानात नंबर न्कोयोचा होता.
अजमानला सलूनमधली एक खुर्ची तिनं बोलून ठेवलेली.
तेवढ्यात एबितिमी आला, वॉचमनच्या वर्दीतच.
म्हणाला, सहा वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलो,
आता गावी जाऊन
निवडणुकीला उभा राहतो.

रात्री दोनपर्यंत भांडले.
तेर्सू म्हणाला, तिथं सगळे चोर.
ओसारेतिन म्हणाला, मग एक तरी चोर आपला असू दे.
न्कोयो बोललीच नाही.
नोटा मोजल्या, पाच हजार पाचशे,
आणि माझ्या पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पानावर
त्याची सही घेतली.

टोप्या इथेच छापल्या. हिरव्या, दोनशे.
वर त्याचं नाव, खाली : आता आपला नंबर.
छापणाऱ्यानं चार दिवस उशीर केला,
कंटेनर गेला,
टोप्या माझ्या टेबलाखाली राहिल्या.

निकालाच्या रात्री फोनवर कागदांचे फोटो येत होते,
एकेका शाळेचे, एकेका झाडाखालच्या केंद्राचे.
बेरीज मला करायला लावली,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे म्हणून.
तीनदा केली.
एक्केचाळीस मतांनी पडला.
ओसारेतिनच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक
अर्ध्या डोक्यानं तसंच बसून राहिलं.

आमचा काका सरपंचकीला सात मतांनी पडला होता.
गुलालाचं पोतं तीन वर्षं गोठ्यात.
म्हशीच्या शेपटीला लागायचा,
आजूबाजूचे बघून हसायचे.
हे त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता आलं नाही.

मग एबितिमीचा फोन बंद. तीन आठवडे.
तेर्सू म्हणाला, सांगितलं होतं.
मी म्हटलं, आमच्यात याला म्हणतात,
टोपी घातली.
न्कोयोनं पुन्हा विचारलं. पुन्हा समजावलं.
ती वाकली, खोकं ओढलं, धूळ झटकली.
"मग मीही घालते."

शुक्रवारी सोनापूरला, कॅम्पच्या फाटकापाशी,
जूनचं ऊन, तीन दिरहमला एक.
छपऱ्याचे, सिल्हटचे, पेशावरचे, आमचा गडहिंग्लजचा एक,
कुणी नाव वाचलं नाही,
पुढची झडप किती लांब ते बघितलं.
संध्याकाळपर्यंत एकशे नव्व्याण्णव गेल्या.
पाचशे सत्त्याण्णव दिरहम.
उरलेला आकडा मी सांगितला नाही, तिला पाठ होता.

आता बस अल कूजवरून जाते तेव्हा
चौदाव्या मजल्याच्या परातीवर
एबितिमी दिसतो. त्याच्याखाली अजून दोन एबितिमी.
त्यांना इथं मत नाही.
मलाही नाही.
माझ्या बोटाला शाई असते ती खोक्यांवर पत्ते लिहिण्याची.

काल त्याचा फोन आला. टोप्यांचं काय झालं?
"सगळ्यांनी घातल्या," न्कोयो म्हणाली,
आणि बराच वेळ त्याचं ऐकत राहिली.
पिशवीतून शेवटची टोपी काढली, काट्यावर टाकली.
ऐंशी ग्रॅम.
विमानानं पाठव, म्हणाली,
हिचे पैसे लावू नकोस.

लावले नाहीत.
मग मोबाइलचं खोकं ठेवलं तिनं,
आणि दोनशे ग्रॅमवरून
सुरू झाली.