तीनशेचा प्लॅन

उल्हास माजीक खांबावरून उतरला,
चपला शोधून पायात घातल्या आणि म्हणाला,
वहिनी, पन्नासवर कोण राहतं आता?
तीनशे घ्या. महिन्याला चारशेच जास्त.
मी म्हटलं, चारशेचे बांगडे किती येतात, ठाऊक आहे?
तो म्हणाला, या दिवसांत? फार नाही.
बरोबर होतं त्याचं. मासेमारी बंद होती.

घरात वापर तो काय?
मंथनचा गेम, विजेचं बिल,
दूध सोसायटीचे आकडे मी रात्री चढवते ते,
आणि पलीकडची शेवंती, भिंतीला पाठ लावून
आमचाच पासवर्ड वापरते.
तिला वाटतं, मला कळत नाही.
पन्नासात हे सगळं बसतं.
उरतंसुद्धा.

वेगाचं आम्हाला कौतुक नाही असं नाही.
पाळीच्या या रस्त्यावरून मातीचे ट्रक धावायचे,
शेपटाला तोंड लावून, एकामागे एक,
एक खेप जास्त मारली की रात्री मटण.
तुळशीवर लाल धूळ, दुधाच्या झाकणावर लाल धूळ,
पोदेर सायकल धरून गटारात उभा
ट्रक सरेपर्यंत.
आम्हीही घेतला एक, हप्त्यांवर.
पाचवा हप्ता भरला आणि खाण बंद झाली.
अजून आहे तो परसात. बॉनेटवर दोडक्याचा वेल.
यंदा लवकर लागलेत.

मग रोहिदास जहाजावर गेला,
इंजिनाच्या पोटात.
शुक्रवारी रात्री फोन येतो.
आधी आवाज, मग चौकोनच चौकोन,
मग त्यांतून जुळत जुळत तो,
मिशी एकीकडे, हसणं दुसरीकडे.
तीनशेचा विचार मनात आला तो यासाठीच.
उल्हासला तसं विचारलं. त्यानं डोकं खाजवलं.
विकायला आलेला माणूस, पण खोटं बोलला नाही:
वहिनी, इथून मी तुम्हाला नदी सोडीन,
तिकडे नळ आहे करंगळीएवढा.
तोही आभाळातून.

म्हणजे उशीर आमच्याकडचा नव्हेच.

दोन सेकंद. मी मोजलेत.
मी बोलते, आणि माझा शब्द
साखळीवरून, पणजीवरून, कुठल्याशा उपग्रहावरून
त्याच्या कानाशी जाईतो
तो मागच्याच गोष्टीला हसत असतो.
मार्चमध्ये मी त्याला गाठीचं सांगितलं,
बांबोळीला बोलावलंय, म्हटलं.
आणि पुढचे दोन सेकंद तो विचारत राहिला,
भंगारवाला येऊन गेला का? कितीला मागतोय ट्रक?
पडद्यावर माझा नवरा,
अजून काहीच न कळलेला,
कानशिलाला ग्रीस, भाव करायच्या तयारीत.
मी त्याला पाहून घेतलं.
मग शब्द पोचला.

गाठ साधी निघाली.
तेही त्याला शुक्रवारीच सांगितलं,
तेही दोन सेकंद उशिराच गेलं,
आणि त्या दोन सेकंदांत त्याचा चेहरा जो होता
तो बघवेना.
तेव्हा कुणी दारात उभं राहून म्हटलं असतं,
हजार द्या, दोन हजार द्या,
तर दुधाच्या पेटीतले काढून दिले असते.

फॉर्म सोसायटीच्या वहीत आहे.
मंथननं पेन्सिलीनं तीनशेवर खूण करून ठेवलीय,
खोडता येईल अशी, माझ्या स्वभावाचा अंदाज घेऊन.
आज वानरांनी तार तोडली.
उल्हास शिडी घेऊन निघालाय म्हणे.
शेवंती भिंतीपलीकडून विचारते,
तुमचं चालतंय का गो?
नाही, मी म्हणते.
पुरतं म्हणूनही होत नाही,
तोवर तिचं 'अगो बाई' येतं.