लाभ, दोन, तीन

बाप जालन्याच्या मोंढ्यात मापाडी.
ज्वारीच्या राशीपुढं उकिडवा बसून मापं टाकताना
तो कधीच 'एक' म्हणाला नाही.
पहिलं माप पोत्यात पडलं की म्हणायचा, लाभ.
मग दोन. मग तीन.
पहिलीच्या वर्गात मी तसंच मोजायला लागले
तर बाई आधी हसल्या, मग छडी दिली.
ती मात्र एकच होती.

पुढं मोंढ्यात काटे आले, लाल आकड्यांचे.
बाप काट्यापाशी उभा राहायचा
आणि ओठ हलवायचा.

सीए फायनलचा माझा पहिला निकाल
झंवर सरांच्या ऑफिसात उघडला, सगळ्यांच्या देखत.
चारशेत एकशे शहाण्णव.
दोनशे लागतात.
घरी आले तेव्हा बाप न्हाणीत पाय धूत होता.
सांगितलं. म्हणाला, "लाभ."
मला वाटलं, पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

नोव्हेंबर. दोन.
मे. पहाटेच्या गाडीनं औरंगाबादचं सेंटर,
डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
हाताच्या घामानं उत्तरपत्रिकेवर उमटलेला पंजा.
तीन.
त्या खेपेला अफशीन पास झाली.
माझ्या हातावर पेढा ठेवताना
मान तिनंच खाली घातली.
मी पेढा खाल्ला.
गोड होता, खोटं कशाला बोलू.

दिवसा सळयांच्या कारखान्यात स्टॉक मोजायचा,
नाकात लोखंडाची भुकटी.
रात्री स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय दुमडून,
कन्सॉलिडेशनची तीच ती गणितं.
आत्या म्हणायची, पोरीचं वय काय थांबतंय का.
वय थांबत नव्हतं.
मीही नव्हते थांबत, एवढंच.

चौथ्यांदा बाप काहीच बोलला नाही.
ते सगळ्यात जड गेलं.
जेवणं झाली, भांडी झाली,
शेवटी मीच म्हणाले, चार म्हणा की.
तो बाजेवर कुशीवर वळला.
"तू वाचायलीस का अजून?"
वाचायले, म्हणाले.
"मग मी मोजायलो. झोप आता."

सहाव्या खेपेला पास झाले.
त्या दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही.
आई रडली, दूध उतू गेलं,
झंवर सरांनी खुर्ची पुढं केली
आणि मला तीत बसवेना.
रात्री छतावर गेले, आता काहीतरी वाटेल म्हणून.
पाय दुखत होते फक्त.

वाटायला अकरा वर्षं लागली.

आता गांधी चमनच्या मागं, बॅटरीच्या दुकानावर,
दोन खोल्यांचं माझं ऑफिस.
परवा बायकांच्या एका पतसंस्थेचं ऑडिट होतं.
ताळेबंदात सत्तावीस रुपयांचा फरक.
वैजनाथ, माझ्याकडचा पोरगा, म्हणाला,
मॅडम, सत्तावीसच तर आहेत, सस्पेन्सला टाकू.
त्याचा परवाच निकाल लागला होता,
डोळे अजून सुजलेले.
म्हटलं, बस. नऊनं भाग जातोय बघ,
कुठंतरी आकडे उलटे पडलेत.

साडेनऊला सापडले.
सोजरबाईंच्या खात्यात, शाई फुटलेल्या ओळीत,
तीन आणि सहा
एकमेकांकडं पाठ करून बसलेले.
बाई त्रेसष्ट भरून गेली होती.
मी ते दोघं फिरवून समोरासमोर बसवले
आणि दोन्ही बाजू जुळल्या.
वैजनाथ हसला. निकालानंतर पहिल्यांदा.
मी पेनाचं टोपण लावलं
आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.
खाली कुणीतरी शटर ओढत होतं.
मला कुठंच जायचं नव्हतं, काहीच व्हायचं नव्हतं.

घरी बाप जागा होता.
मोतीबिंदूमुळं आता आवाजावरून ओळखतो.
उशीर का, म्हणाला.
सत्तावीस रुपये सापडत नव्हते, म्हटलं.

लोक विचारतात, एवढ्याशासाठी?
बापानं विचारलं, "कुणाचे?"

सांगितलं.
त्यानं मान हलवली, ताट जवळ ओढलं,
आणि मी पहिली भाकर वाढली तेव्हा
त्याचे ओठ हललेले मी पाहिले.