सहाशेवी जागा

बर्डेकिनकाठी ऊस लावणारा सिल्व्हियो झानात्ता
पाठीवरचा तीळ दाखवायला आला
तोवर कारखान्याचा हंगाम उलटला होता.
"आधी तोडणी," म्हणाला असेल बायकोला.

मी टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत.
मला तो ठाऊक मेणात बुडवलेल्या कापाएवढाच.
अहवालात लिहिलं: बीआरएएफ, जागा सहाशे.
सातशे सहासष्ट मण्यांच्या माळेत
एकच मणी भलता.

हे प्रथिन म्हणजे निरोप्या.
वरून हाक आली की पुढच्याला
फॉस्फेटचा टिळा लावायचा,
एरवी मुकाट बसायचं.
आता हाक नाही, काही नाही,
हा आपला टिळे लावत सुटलाय.

डॉक्टर मॉरीननं त्याला हे समजावलं तर हसला:
"म्हणजे पंपाचं बटण चिकटलंय.
माझंही चिकटलेलं एकदा, रात्रभर.
सकाळी उसात बगळे उभे."

गोळ्यांनी बटण सुटलं.
गाठी विरल्या,
एक अख्खी तोडणी त्यानं स्वतः केली.
मग पाण्यानं
दुसरा पाट शोधला.

आज नवा काप आलाय. नाव तेच.
त्याचं शेत मी कधी पाहिलेलं नाही;
तरी भिंगाला डोळा लावण्याआधी
क्षणभर
पांढरं काही हललं.