बिनचिठ्ठीची बरणी

मर्डो गेला एप्रिलात, आणि जूनपर्यंत
शेडच्या त्या कोपऱ्यात मी फक्त झाडू फिरवला,
तोही कडेकडेने.
बाकावर बोल्टांनी आवळलेली हिरवी प्रेस,
दांड्यावरचा रंग एकाच तळहाताने खाल्लेला.
शेजारी लाकडी ठोकळा, पन्नास भोकं, पन्नास पुंगळ्या.
सतरा भरलेल्या. पुढच्या रिकाम्या.
अठराव्या वेळी बहुधा मी चहाला हाक मारली असेन.

ससे थांबले नव्हते. मानिओटोटोच्या त्या मैदानात
ससे कुणासाठीच थांबत नाहीत,
वरचं कुरण त्यांनी हजामत केल्यासारखं केलं होतं.

रेवी आला, कुंपणाच्या तारा अर्ध्या ताणून.
म्हणाला, आधी ह्या सतरा मोड.
का? त्याने भरल्यात, नीटच असतील.
"असतील.
पण दुसऱ्याच्या 'असतील'वर
डोळ्यापासून चार बोटांवर स्फोट करायचा नसतो."
मग ती पोकळ डोक्याची हातोडी. ठक, ठक,
गोळी निराळी, दारू निराळी.
शेवटच्या ठोक्याला मी रडले, आणि रेवीने
खिडकीबाहेर बघत
वाऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं.

दारू म्हणावं तर घरात दोन्ही होत्या.
त्याची व्हिस्की शेडमधून उचलून मी स्वयंपाकघरात नेली.
एका टेबलावर दोघी नकोत,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

फळीवर एक बरणी निघाली, जर्दाळूच्या मुरंब्याची.
आत राखाडी दाणे, खसखशीहून काळे.
वर चिठ्ठी नाही.
मी म्हटलं, मला वाटतं ही त्याची नेहमीचीच.
"वाटतं?"
रेवी एवढंच म्हणाला.
टाकू कुठे? तर गवतावर, खत होतं तिचं.
कपड्यांच्या तारेखाली, दहिवरावर,
मी ती मूठमूठ पसरली.
पेरणीला निघाल्यासारखी दिसत असणार मी,
भर हिवाळ्यात, नवऱ्याच्या कोटात.

रायफलीचं नाव गांधीलमाशीवरून.
पुंगळी मात्र नाजूक, तिच्या तोंडाचा पत्रा
नखानेही रुसतो.
पहिल्या सहा मी चुरगळल्या. सातवी तिरकी बसली.
रेवी म्हणाला, हात लोणी कापल्यासारखा ने,
दार लावल्यासारखा नको.
मला वाटतं दारं मी जरा जोरातच लावत आले.

उडालेली पुंगळी फुगते, आणि ज्या नळीत उडाली
तिच्याच मापाची होऊन बसते.
दुसऱ्या बंदुकीत घातली तर अडते.
रेवी हे समजावत होता, आणि मी मान हलवत होते,
एकोणचाळीस वर्षं झालेल्या बाईला
हे काय समजावायचं.

तराजूची दांडी श्वासानेही डुलते.
म्हणून हीटर बंद, कुत्रा बाहेर,
आणि सुरुवात पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून.
चिमटीने दाणे सोडायचे, सोनाराच्या दुकानातल्यासारखे,
एक जास्त पडला तर एक परत उचलायचा.
इतकं लक्ष देऊन मी कधी मीठसुद्धा घातलं नाही.

प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं, कुणी उपाशी नाही ना,
कुणी दोनदा जेवली नाही ना.
मगच गोळी बसवायची.
मग वही. तारीख, वजन, निकाल.
'कुणी भरली' असा रकाना मर्डोच्या वहीत नव्हता.
मी पट्टी घेऊन आखला.

सप्टेंबरात तारेखाली एक चौकोन
बाकीच्या अंगणाला लाज वाटावी इतका हिरवा झाला.
आणि ससे,
अख्खं कुरण सोडून तिथेच.
चार, मग सात. एक जाडा, कानाला खाच पडलेला,
शेपटीमागे बघायचीही तसदी न घेता चरत होता
मर्डोची ती बिननावाची दारू.

मी पायरीवर बसले, रायफल मांडीवर,
खिशात पाच काडतुसं, माझी.
सशांच्या मागे माझ्या चादरी. चादरींच्या मागे, कुठेतरी,
रेवीचा ट्रक, आणि कदाचित रेवी.

रायफल पुन्हा कपाटात ठेवली.
वहीत लिहिलं: नऊ सप्टेंबर. पाच. मी.
निकाल:
चादरी वाळत होत्या.