सोमवारी एतेरी विचारते

सकाळी सातला बेसिनपाशी
कवळ्यांच्या वाट्यांची रांग लागते.
प्रत्येकीवर नाव, माझ्या वेड्यावाकड्या जॉर्जियन अक्षरांत.
मागच्या महिन्यात बोंदोचे दात मी तामाझला दिले
आणि तासभर दोघंही बोलले नाहीत,
नुसते चावत बसले, तोंड वाकडं करून.

आठवड्याचे पाच दिवस मी इथली.
चादरी, औषधांच्या पुड्या, बीटाचं सूप,
लामाराची हाक, "पोरी, तिसरी खोली!"
आणि कुतैसीच्या नदीतले पांढरे दगड
खिडकीतून दिसतील तेवढेच.
शुक्रवारी पाचला एप्रन खुंटीला अडकवते
आणि पुन्हा परकी होते.
स्टँडवर मातेय आणि इनेस भांडत असतात,
गुहा की दरी, दरी की मठ;
शेवटी जी मार्शरुत्का आधी भरेल तिच्यात आम्ही.
दीडशे लारीत महिना बसवायचा,
म्हणून द्राक्षरसात बुडवलेली अक्रोडाची माळ
एकच, तिघांत.

आई फोनवर विचारते, सेवेला गेलीस की सहलीला?
मी म्हणते, रेंज जातेय.

एतेरी मात्र सोमवारची वाट बघते.
केस विंचरून, उशी पाठीशी घेऊन,
"हं. काय पाहिलंस?"
मी फोन धरते तिच्या नाकासमोर:
हा धबधबा, हे स्वानेतीचे दगडी बुरूज.
ती फोटो सरकवते बोटानं, भाजी निवडावी तशी.
"डोंगर," म्हणते. "हाही डोंगर. बरं."

मग मे महिन्यात आम्ही च्यातुराला गेलो.
दरीच्या तळाशी खाणीचं गाव,
वर आभाळभर तारा,
आणि एका फलाटावर रोपवेचा जुना लोखंडी पाळणा,
गंजून थांबलेला.
मी चाळीस फोटो काढले.
गंज छान येतो फोटोत.

त्या सोमवारी एतेरीनं फोन हातातच घेतला.
चष्मा मागितला. मग दुसरा चष्मा.
"सात नंबर," म्हणाली.
"एकतीस वर्षं ह्याच्या दारात उभी होते मी.
खाणवाले सकाळी वर, संध्याकाळी खाली.
एकदा बाळंतीण. एकदा शवपेटी, तिरकी धरून.
एकदा डुक्कर, तिकीट काढून."
आणि मग,
"डावीकडची कडी मोडली होती.
मी तारेनं बांधली होती.
तार आहे?"

चाळीस फोटोंत दरी होती, आभाळ होतं,
मी होते, केस उडत असलेली, तीनदा.
कडी नव्हती.

"शनिवारी बघून येते," मी म्हणाले.
"वेडी. शनिवारी तुम्ही समुद्राला जाणार ना?
जा. कडी काय पळून जाते?"

शनिवारी लामाराला ताप भरला.
मी समुद्राला गेले नाही, च्यातुरालाही नाही.
चादरी बदलल्या. बोंदोशी नार्दी खेळले,
तो अंगठ्यानं फासा उलटवत होता,
मी न पाहिल्यासारखं केलं.
खरं सांगायचं तर दिवसभर धुमसत होते.
खिशात मातेयचे फोटो वाजत होते,
निळ्यामागून निळे.

संध्याकाळी एतेरीचे पाय पुसायला बसले.
कोमट पाणी, जुना टॉवेल,
टाचांना एकतीस वर्षांच्या भेगा.
"वर काय आहे गं?" तिनं विचारलं.
वर कुठे?
"वरच्या टोकाला. पाळणा दोनच मिनिटं थांबायचा.
उतरून कधी पाहिलंच नाही."

मी आठवू लागले. फोटो नव्हते त्याचे.
एक दुकान, शटर ओढलेलं.
दोन कुत्री. कपडे वाळत घातलेले.
आणि अकेशियाची झाडं, ओळीनं,
पांढऱ्या फुलांनी लगडलेली,
वास इतका की इनेसचं डोकं दुखायला लागलं.

एतेरी गप्प झाली.
"म्हणजे तो साबणाचा कारखाना नव्हता," म्हणाली.
"मी सगळ्यांना सांगायचे,
वर साबण बनवतात."

मग तिनं दुसरा पाय पुढे केला.
"हा राहिलाय."