अकरा प्रती

इसाफ्योर्दुरात दुपारी तीनलाच अंधार.
थोरलाकुर टेबलाखाली ओणवा,
केबल उपसतो, फुंकर मारतो, परत खुपसतो.
पडद्यावर तेच: प्रिंटर ऑफलाइन.

ड्रायव्हर पुसला, नवा उतरवला.
जुना कुठेतरी दबा धरून होताच,
त्यालाही हुडकून हाकललं.
राउटरला शिव्या घातल्या,
मासेमारीच्या बोटीवरच्या, ठेवणीतल्या.
यादीत दिसलं ते नाव निवडलं.

पत्र तसं दोनच ओळींचं, नगरपालिकेला:
शेजारीण तिच्या दारातला बर्फ
माझ्या दारात लोटते. चार वर्षं झाली.

छापा. छापा. पुन्हा छापा.
पडदा म्हणतो, छपाई पूर्ण.
यंत्र हिरवा दिवा लावून
मख्ख.

मग दार वाजलं.
सोल्वेग. पायात घरातल्याच सपाता,
हातात कागदांची चळत, अजून कोमट.
"अकरा आहेत," ती म्हणाली.
"मशीन दोघांचं एकाच कंपनीचं.
तू माझ्या मशीनला जोडला गेलायस."

वरच्या प्रतीवर
शुद्धलेखनाच्या दोन चुका, लाल गोलात.
बत्तीस वर्षं शाळेत होती ती.

त्याला काय बोलावं सुचेना.
वाटेतून सरकला तेवढा.

"आणि काळी शाई संपवलीस माझी,"
सपाता झटकत ती म्हणाली,
"ती तू आणून द्यायची."